ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा: बदललेला नियम आपल्याला लागू होतो का, हे कसं ओळखायचं आणि पुढे काय करायचं

ब्रिटनला मास्टर्ससाठी निघालेल्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना गेल्या काही वर्षांत एक गोष्ट वारंवार सोसावी लागली आहे. ॲडमिशन घेताना एक नियम असतो, व्हिसाचा अर्ज भरताना दुसरा आणि शिक्षण संपवून नोकरी शोधायच्या वेळी तिसराच. जानेवारी २०२४ पासून मास्टर्सच्या बहुतेक विद्यार्थ्यांना नवरा, बायको किंवा मुलांना सोबत नेता येत नाही. राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम २०२५ मध्ये जानेवारीत एकदा वाढली आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा वाढली. शिक्षणानंतर दोन वर्षं थांबू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा, ज्याला आपल्याकडे अजून पीएसडब्ल्यू (पोस्ट-स्टडी वर्क) असंच म्हणतात, तो दीड वर्षाचा होतो आहे.

बातम्या भरपूर येतात. ‘हे मला लागू आहे का?’ याचं उत्तर मात्र बातमीत क्वचितच मिळतं, कारण ते जवळपास नेहमी एका तारखेत असतं. नियमात कोणती तारीख धरली आहे हे सापडलं की निम्मी धास्ती तिथेच संपते. म्हणून हा लेख त्या तारखेभोवतीच लिहिला आहे. आपल्याकडून ब्रिटनला जाणारे बहुतेक जण एका वर्षाच्या मास्टर्सला जातात, तेव्हा उदाहरणंही तीच घेतली आहेत.

पायरी १: बातमी कोणत्या टप्प्यावरची आहे ते बघा

ब्रिटनमध्ये इमिग्रेशनचा नियम साधारण तीन टप्प्यांतून जातो. आधी सरकार धोरण जाहीर करतं, बहुतेक वेळा व्हाइट पेपरमधून. मग ‘स्टेटमेंट ऑफ चेंजेस’ नावाचा दस्तऐवज संसदेपुढे ठेवला जातो आणि नियमाचा प्रत्यक्ष मजकूर त्यात असतो. त्यानंतर एका ठरलेल्या दिवसापासून नियम लागू होतो. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात वर्षा-दीड वर्षाचं अंतर असू शकतं.

ग्रॅज्युएट व्हिसाचंच बघा. मुदत दीड वर्षावर आणणार असं १२ मे २०२५ च्या व्हाइट पेपरमध्ये सांगितलं गेलं. नियमाचा मजकूर १४ ऑक्टोबर २०२५ ला आला. लागू होण्याची तारीख आहे १ जानेवारी २०२७. मे महिन्यात ‘पीएसडब्ल्यू गेलं’ असे मेसेज फिरत होते, तेव्हा मोजायला एकही अधिकृत तारीख हातात नव्हती. त्या आठवड्यात घाईने देश बदलणाऱ्यांनी किंवा घाईने डिपॉझिट भरणाऱ्यांनी नियम न वाचताच निर्णय घेतले, कारण वाचायला नियमच नव्हता.

याच्या उलटही घडलं आहे. २०२४ च्या सुरुवातीला ग्रॅज्युएट व्हिसा पूर्ण बंद होणार अशी चर्चा जोरात होती. सरकारने मायग्रेशन ॲडव्हायझरी कमिटी या आपल्या सल्लागार समितीला आढावा घ्यायला सांगितलं आणि त्या मे महिन्यात समितीने तो चालू ठेवावा अशी शिफारस केली. चालूच राहिला. म्हणजे जाहीर झालेलं सगळं घडतंच असं नाही, आणि घडलं तरी बोललं गेलं त्याच रूपात घडेल असंही नाही.

तेव्हा बातमी हातात आली की पहिला प्रश्न हा: हे धोरण आहे, संसदेपुढे ठेवलेला मजकूर आहे की लागू झालेला नियम? फक्त धोरण असेल तर ते वहीत टिपून ठेवा, पण त्यावर पैसे खर्च करू नका. स्टेटमेंट ऑफ चेंजेस आलं असेल तर पुढची पायरी लगेच करा.

पायरी २: मूळ मजकुरात ‘इम्प्लिमेंटेशन’ शोधा

ब्रिटिश सरकारच्या गव्ह डॉट यूके संकेतस्थळावर प्रत्येक स्टेटमेंट ऑफ चेंजेस मोफत वाचायला मिळतं. शंभर-दीडशे पानं बघून घाबरायचं कारण नाही. सुरुवातीलाच ‘इम्प्लिमेंटेशन’ या शीर्षकाखाली कोणता बदल कधीपासून लागू होतो ते दिलेलं असतं. बहुतेक वेळा तिथे अशा अर्थाचं वाक्य असतं: अमुक तारखेच्या आधी केलेल्या अर्जांचा निर्णय त्या तारखेच्या आदल्या दिवशीच्या नियमांप्रमाणे होईल.

हे वाक्य आहे की नाही, यावर फार काही अवलंबून असतं. ‘मी अर्ज केला त्या दिवशीचा नियम मला लागू’ असं आपण गृहीत धरतो, पण ब्रिटनमध्ये तो आपोआप मिळणारा हक्क नाही. २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे, एका नायजेरियन डॉक्टरचा खटला आला होता. तिने अर्ज केल्यानंतर नियम बदलला आणि नव्या नियमाने अर्ज नाकारला गेला. लॉर्ड्सनी निकाल दिला की नियमांत वेगळं काही म्हटलेलं नसेल, तर निर्णयाच्या दिवशी लागू असलेला नियमच चालतो. संरक्षण येतं ते त्या इम्प्लिमेंटेशनच्या परिच्छेदातून.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक नियम वेगळी तारीख धरतो. गेल्या काही वर्षांतले तीन बदल शेजारी ठेवले की हे नीट दिसतं.

जोडीदार आणि मुलांना सोबत नेण्यावरची बंदी कोर्स सुरू होण्याच्या तारखेवर ठरली. कोर्स १ जानेवारी २०२४ किंवा त्यानंतर सुरू होत असेल, तर व्हिसासाठी अर्ज डिसेंबरमध्ये केला तरी उपयोग नव्हता. पीएचडी आणि संशोधनावर आधारित पदव्या यातून वगळल्या आहेत.

राहण्याच्या खर्चाची नवी रक्कम अर्जाच्या तारखेवर ठरली. ११ नोव्हेंबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ती लागू आहे. दोघं मित्र एकाच वर्गात जाणार, पण एकाने १० तारखेला अर्ज केला आणि दुसऱ्याने ११ ला, तर दोघांना वेगळी रक्कम दाखवावी लागली.

ग्रॅज्युएट व्हिसाची मुदत स्टुडंट व्हिसाच्या नव्हे, तर ग्रॅज्युएट व्हिसाच्याच अर्जाच्या तारखेवर ठरते. तुम्ही ब्रिटनमध्ये कधी आलात याला तिथे काही महत्त्व नाही. आधीपासून शिकत असलेल्यांनाही याची झळ बसते ती त्यामुळेच.

म्हणून मूळ मजकुरात कोर्सची तारीख, अर्जाची तारीख, कॅस (विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणारा संदर्भ क्रमांक) मिळाल्याची तारीख की देशात प्रवेश केल्याची तारीख, नेमकं काय म्हटलं आहे ते शब्द न् शब्द वाचा. इंग्रजी जड वाटलं तर विद्यापीठाच्या इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला ई-मेल करून विचारा आणि लेखी उत्तर घ्या. फोनवरचं उत्तर पुरेसं धरू नका.

पायरी ३: तुमचं कॅलेंडर मांडा

आता कागद घ्या आणि पाच तारखा एकाखाली एक लिहा: व्हिसासाठी अर्ज, कोर्सची सुरुवात, कोर्सची अधिकृत समाप्ती, निकालाचा अंदाज आणि स्टुडंट व्हिसा संपण्याची तारीख. बारा महिने किंवा त्याहून मोठ्या कोर्सला व्हिसा कोर्स संपल्यानंतर साधारण चार महिने पुढे असतो.

सप्टेंबर २०२५ च्या बॅचचं उदाहरण घेऊ. समजा कोर्स १८ सप्टेंबर २०२६ ला संपतो आणि व्हिसा १८ जानेवारी २०२७ पर्यंत आहे. ग्रॅज्युएट व्हिसासाठी अर्ज करायला जानेवारीच्या मध्यापर्यंत वेळ आहे असं सहज वाटेल, आणि ते खरंही आहे. पण ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत केलेल्या अर्जाला दोन वर्षं मिळतात आणि १ जानेवारीच्या अर्जाला अठरा महिने. एका दिवसात सहा महिने जातात.

शिवाय अर्ज तुमच्या मनात येईल तेव्हा करता येत नाही. तुम्ही कोर्स यशस्वीपणे पूर्ण केला हे विद्यापीठाने होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या ब्रिटिश गृहखात्याला, कळवल्याशिवाय अर्ज चालत नाही. पदवीदान समारंभाची किंवा प्रमाणपत्राची वाट पाहावी लागत नाही, पण निकाल लागून तो कळवला जायला हवा. डिझर्टेशन सप्टेंबरमध्ये दिलं तर एक्झाम बोर्ड बसून निकाल लागेपर्यंत नोव्हेंबर-डिसेंबर उजाडू शकतो. म्हणून या बॅचच्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की डिझर्टेशनसाठी मुदतवाढ मागण्याआधी विभागाला विचारा: मुदतवाढ घेतली तर माझा निकाल कोणत्या बोर्डात जाईल आणि होम ऑफिसला कधी कळवाल? आजारपण असेल तर मुदतवाढ जरूर घ्या, तब्येत आधी. पण ‘अजून थोडं चांगलं लिहितो’ म्हणून तीन आठवडे मागत असाल, तर त्या तीन आठवड्यांची किंमत सहा महिन्यांची नोकरी शोधायची मुदत असू शकते.

जानेवारी २०२६ ला सुरू झालेल्या आणि वर्षभर चालणाऱ्या कोर्सवाल्यांनी अठरा महिनेच धरून चालावं. सप्टेंबर २०२६ पासून पुढे जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांनी तर दोन वर्षांचा हिशेब डोक्यातूनच काढावा. पीएचडीवाल्यांना पूर्वीप्रमाणे तीन वर्षं आहेत. एजंटच्या जुन्या पत्रकात अजून ‘दोन वर्षं पीएसडब्ल्यू’ छापलेलं असेल, तर त्याच्याकडची बाकीची माहिती किती जुनी असेल याचा विचार करा.

कर्ज फेडण्याचा हिशेबही याच कॅलेंडरवर मांडायला हवा. ग्रॅज्युएट व्हिसा एकदाच मिळतो आणि वाढवता येत नाही. नंतर ब्रिटनमध्ये राहायचं तर बहुतेकांसमोर स्किल्ड वर्कर व्हिसा असतो. त्याची सर्वसाधारण पगाराची अट २२ जुलै २०२५ पासून वर्षाला ४१,७०० पौंड झाली. नुकतं शिक्षण संपवलेल्यांना ‘न्यू एंट्रंट’ म्हणून ३३,४०० पौंडांची सवलत आहे. ती फार तर चार वर्षं मिळते आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेला काळ त्या चार वर्षांत धरला जातो. शिवाय प्रत्येक पेशाचा ठरलेला दर वेगळा असतो आणि त्याचाही विचार होतो. तुमच्या क्षेत्रात नवख्याला तिथे काय पगार मिळतो हे कोर्स निवडतानाच बघा. घर गहाण टाकून जाणाऱ्या मुलाला कॉलेजच्या रँकिंगइतकाच हा आकडा माहीत असायला हवा.

पायरी ४: पैसे, आणि ते अठ्ठावीस दिवस

व्हिसा नाकारला जाण्याची जी कारणं पूर्णपणे टाळता येण्याजोगी आहेत, त्यांत पैशांचे कागद सगळ्यात वर येतात. म्हणून इथे जरा थांबू.

दाखवायची रक्कम दोन भागांची असते. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च. नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरले जातात. नऊ महिन्यांचे अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९ पौंड झाले. हे आकडे गेली दोन-तीन वर्षं सारखे बदलत आहेत, तेव्हा अर्जाच्या आठवड्यात पुन्हा तपासा. इथे एक फसगत होते: बऱ्याच विद्यापीठांचं मुख्य ठिकाण लंडनबाहेर आणि एक कॅम्पस लंडनमध्ये असतो. विद्यापीठाच्या नावावर जाऊ नका, कॅसवर अभ्यासाचा पत्ता कोणता आहे ते बघा.

समजा मँचेस्टरच्या एखाद्या कोर्सची फी २४,००० पौंड आहे आणि ५,००० डिपॉझिट भरलं. उरले १९,०००. त्यात १०,५३९ मिळवले की २९,५३९ पौंड. हिशेबापुरता पौंड १२० रुपये धरला तर ३५ लाख ४५ हजारांच्या आसपास. पौंड १२५ वर गेला तर तीच रक्कम ३६ लाख ९२ हजार. होम ऑफिस अर्जाच्या दिवशीचा ओआंडा या संकेतस्थळावरचा दर धरतं, तुमच्या बँकेचा धरत नाही. तेव्हा काठावरची रक्कम कधीच ठेवू नका. पाच टक्के जास्त असू द्यात.

ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागच्या ३१ दिवसांच्या आत असावा लागतो. सलग म्हणजे एकाही दिवशी खाली जाता कामा नये. वडिलांच्या खात्यात बरोबर लागेल तेवढी रक्कम ठेवलेली असते, सतराव्या दिवशी एलआयसीचा हप्ता आपोआप कापला जातो, शिल्लक चार-पाच हजारांनी खाली येते आणि दुसऱ्या दिवशी पगार जमा होऊन पुन्हा भरते. घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. स्टेटमेंटवर मात्र तो एक दिवस उमटतो आणि मोजणी नव्याने सुरू करावी लागते. उपाय साधा आहे: व्हिसाचे पैसे वेगळ्या बचत खात्यात ठेवा, त्या खात्याला कोणताही हप्ता, ईएमआय किंवा यूपीआय जोडू नका.

पैसे कोणाच्या नावावर चालतात? तुमच्या स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा कायदेशीर पालकाच्या. जोडीदार व्हिसावर सोबत असेल तर त्याच्याही. काका, मामा, आजोबा, थोरला भाऊ यांच्या खात्यातले पैसे चालत नाहीत. आपल्या एकत्र कुटुंबात काकांनी पैसे देणं अगदी स्वाभाविक आहे. मग ते वेळेत रीतसर बक्षीसपत्र करून तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात आणा आणि तिथे २८ दिवस पूर्ण होऊ द्या.

आईवडिलांचं खाते दाखवताना तुमचा जन्मदाखला आणि त्यांचं संमतिपत्र लागतं. जुना जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. त्यावर भाषांतर अचूक असल्याचं विधान, तारीख, भाषांतरकाराचं नाव, सही आणि संपर्क हवा. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं आणि बँकेत सासरचं असेल, तर विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातली नोंद आधीच काढून ठेवा. हे काम शेवटच्या आठवड्यात होत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण खास आपली आहे. सांगली, कोल्हापूर, नगर, नाशिक भागात कित्येक घरांची बचत पतसंस्थेत असते. होम ऑफिसच्या नियमाप्रमाणे पैसे ज्या संस्थेत आहेत ती त्या देशाच्या योग्य नियामकाच्या देखरेखीखाली हवी, तिचे व्यवहार संगणकावर नोंदलेले हवेत आणि होम ऑफिसला पडताळणी करता यायला हवी. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेल्या असतात, रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालत नाहीत. तिथली ठेव दाखवायचा धोका पत्करू नका. लहान सहकारी बँकेच्या बाबतीतही पडताळणीचा प्रश्न येऊ शकतो. अर्जाच्या किमान दोन महिने आधी रक्कम राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत हलवा. शेअर, म्युच्युअल फंड, पीएफ, सोनं, सातबारा यांतलं काहीच रोख रक्कम म्हणून धरलं जात नाही.

शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट नाही, पण पत्राचा मजकूर नीट हवा. पत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं असावं. कर्ज विद्यार्थ्यासाठी आहे, रक्कम किती, ती कधी उपलब्ध होणार, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं. आणि व्हिसा मंजूर होण्यापलीकडे दुसरी कुठलीही अट त्यात नको. आपल्या बँकांच्या सँक्शन लेटरमध्ये ‘गहाणखत नोंदवल्यानंतर’, ‘मार्जिन मनी भरल्यानंतर’ अशी वाक्यं सर्रास असतात. गहाणखताचं काम आधी उरकून घ्या आणि शाखा व्यवस्थापकाकडून व्हिसासाठीचं वेगळं पत्र मागा. काय काय लिहायला हवं याची यादी छापून सोबत न्या, म्हणजे त्यांनाही सोपं जातं.

राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्तीवर, उदाहरणार्थ राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर जाणार असाल, तर निवडीचं पत्र व्हिसासाठी कसं धरलं जाईल हे विद्यापीठाला आधीच लेखी विचारा. निवड उशिरा जाहीर झाली तर ॲडमिशन पुढच्या सत्राला ढकलता येतं का, तेही त्याच ई-मेलमध्ये विचारून ठेवा. आणि सत्र पुढे गेलं की पायरी ३ मधलं कॅलेंडर पुन्हा मांडा.

पायरी ५: कॅस, टीबी तपासणी आणि एटास

कॅस म्हणजे विद्यापीठाने तुमच्या नावाने काढलेला संदर्भ क्रमांक. तो मिळाल्यापासून सहा महिन्यांत वापरावा लागतो आणि एकदाच वापरता येतो. हातात आला की नाव, पासपोर्ट क्रमांक, कोर्सच्या तारखा आणि भरलेली फी बारकाईने तपासा. भरलेलं डिपॉझिट कॅसवर नोंदलेलं नसेल तर विद्यापीठाला सांगून ते दुरुस्त करून घ्या. त्याशिवाय अर्ज भरू नका.

टीबीची तपासणी होम ऑफिसच्या यादीतल्या क्लिनिकमध्येच करायची, घरच्या डॉक्टरांचं प्रमाणपत्र चालत नाही. ते सहा महिने वैध असतं.

इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या काही पदव्युत्तर कोर्सना एटास प्रमाणपत्र, म्हणजे संवेदनशील तांत्रिक विषय शिकण्यासाठीची ब्रिटिश सरकारची पूर्वपरवानगी, लागतं. त्याला कित्येक आठवडे जातात आणि भारतीयांना यातून सूट नाही. ऑफर लेटरमध्ये एटासचा उल्लेख दिसला की त्याच दिवशी अर्ज करा.

पायरी ६: मुलाखतीची तयारी

हल्ली कॅस देण्याआधी विद्यापीठंच कडक मुलाखत घेतात आणि मुलांना त्याचं आश्चर्य वाटतं. कारण पुन्हा नियमबदलातच आहे. मे २०२५ च्या व्हाइट पेपरमध्ये विद्यापीठांच्या कसोट्या कडक करायचं जाहीर झालं. पूर्वी एखाद्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे १० टक्क्यांपर्यंत व्हिसा नाकारले गेले तरी चालत होतं, ते प्रमाण ५ टक्क्यांवर आणायचं ठरलं. कसोटीत न बसणाऱ्या विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवानाच धोक्यात येतो. म्हणून थोडीही शंका आली तर विद्यापीठ कॅस देत नाही. होम ऑफिसही व्हिडिओवर वेगळी मुलाखत घेऊ शकतं.

दोन्हीकडे प्रश्न साधे असतात. हाच कोर्स का, हेच विद्यापीठ का, कोणते विषय आहेत, फी किती, पैसे कुठून येणार, कुठे राहणार, नंतर काय करणार. पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. कोर्सच्या पानावरचे मोड्यूल वाचा आणि त्यातल्या दोन विषयांचा तुमच्या आधीच्या शिक्षणाशी किंवा नोकरीशी काय संबंध आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगता येऊ द्या. बीकॉमनंतर डेटा सायन्सला जात असाल तर विषय बदलण्याचं खरं कारण सांगा. पैसे वडिलांचे असतील तर त्यांचा व्यवसाय, अंदाजे उत्पन्न आणि कर्जाचा हप्ता तुम्हाला माहीत हवा. आईवडिलांनो, घरचा हिशेब मुलांपासून लपवू नका. अधिकारी नेमकं तेच विचारतो.

खोटं कागदपत्र मात्र एकही नको. अनुभवाचं बनावट पत्र, दोन दिवसांसाठी आणलेली शिल्लक, बदललेली गुणपत्रिका, यांतलं काहीही फसवणूक ठरलं तर पुढे दहा वर्षांपर्यंत ब्रिटनचे व्हिसा नाकारले जाऊ शकतात. कागद एजंटने जोडला असला तरी अर्ज तुमच्या नावावर असतो. म्हणून सबमिट करण्याआधी संपूर्ण अर्ज आणि प्रत्येक जोडपत्र स्वतः वाचा. एजंट ते दाखवायला तयार नसेल तर त्याच्याकडून काम काढून घ्या.

पायरी ७: अर्ज कधी करायचा

कोर्स सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून बाहेरून अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन अर्ज सबमिट करून फी भरल्याची तारीख. व्हीएफएसमध्ये, म्हणजे व्हिसा अर्ज केंद्रात, बोटांचे ठसे दिले ती तारीख नव्हे. एखादा नियम अमुक तारखेपासूनच्या अर्जांना लागू असेल, तर त्याआधी फी भरणं महत्त्वाचं. अपॉइंटमेंट नंतरची असली तरी हरकत नाही. पण या घाईत २८ दिवस पूर्ण व्हायच्या आधी अर्ज केला तर तो पैशांच्या कारणाने नाकारला जाईल. जास्तीचे तीन-चारशे पौंड दाखवणं परवडतं, नकार परवडत नाही.

फीचंही तसंच. स्टुडंट व्हिसाची फी ऑक्टोबर २०२३ मध्ये ३६३ वरून ४९० पौंड झाली आणि ९ एप्रिल २०२५ ला ५२४. आरोग्य अधिभार, म्हणजे आयएचएस, ६ फेब्रुवारी २०२४ ला विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ४७० वरून ७७६ पौंड झाला. बारा महिन्यांच्या मास्टर्सचा व्हिसा वर्षाहून मोठा असल्याने अधिभार दीड वर्षाचा, १,१६४ पौंड, भरावा लागतो. हे अर्जासोबत एकदम जातात, तेव्हा दाखवायच्या रकमेतून ते वळते होणार नाहीत याची काळजी घ्या.

नकार आला तर

नकाराचं पत्र शांतपणे, नियमाच्या क्रमांकासकट वाचा. होम ऑफिसची चूक झाली असेल, म्हणजे दिलेला कागद बघितलाच नाही किंवा हिशेब चुकीचा केला, तर २८ दिवसांत ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू मागता येतो. त्याची फी ८० पौंड आहे. त्यात नवे कागद सहसा जोडता येत नाहीत. चूक आपल्या कागदांत असेल तर रिव्ह्यूत आठवडे घालवण्यापेक्षा विद्यापीठाशी बोलून नवं कॅस घेणं आणि नीट अर्ज करणं बरं. नवा अर्ज नव्या तारखेचा असतो, तेव्हा मधल्या काळात नियम बदलला आहे का ते पुन्हा पायरी २ प्रमाणे तपासा. आयएचएसचे पैसे परत मिळतात, व्हिसाची फी मिळत नाही. डिपॉझिट परत मिळेल की नाही हे विद्यापीठाच्या रिफंड पॉलिसीवर ठरतं. ती डिपॉझिट भरण्याआधी वाचायची गोष्ट आहे.

पोहोचल्यानंतर

पूर्वी व्हिसाचा पुरावा म्हणून मिळणाऱ्या बीआरपी कार्डांची मुदत ३१ डिसेंबर २०२४ ला संपली. आता तुमचा दर्जा ई-व्हिसामध्ये, म्हणजे ऑनलाइन नोंदीत, असतो. यूकेव्हीआय (होम ऑफिसचा व्हिसा विभाग) अकाउंट उघडा, नाव, तारखा आणि कामाच्या अटी बरोबर आहेत का ते बघा. पासपोर्ट बदलला तर तिथे लगेच नोंदवा.

पदवीच्या किंवा त्यावरच्या कोर्सला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, आणि आठवडा सोमवार ते रविवार मोजतात. मास्टर्सवाल्यांची इथे हमखास गल्लत होते. उन्हाळ्यात पदवीच्या मुलांना सुट्टी असते, पण डिझर्टेशनचा काळ तुमच्यासाठी सत्रच धरला जातो. जून ते ऑगस्टमध्ये पूर्णवेळ काम केलं तर अटीचा भंग होतो. स्वयंरोजगारही चालत नाही, आणि सायकलवरून जेवण पोहोचवण्याची ॲपवरची बरीच कामं स्वयंरोजगारात मोडतात. मित्र करतोय म्हणून करू नका. पुढचा प्रत्येक व्हिसा मागताना हा इतिहास तपासला जाऊ शकतो.

ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज ब्रिटनमध्ये असतानाच आणि स्टुडंट व्हिसा चालू असतानाच करावा लागतो. त्याचा आयएचएस वेगळा, वर्षाला १,०३५ पौंड. तो एकदम भरायचा असल्याने पहिल्या सत्रापासून बाजूला काढत राहा. अर्ज केल्यावर निर्णय येईपर्यंत ब्रिटन, आयर्लंड आणि लगतच्या बेटांच्या कॉमन ट्रॅव्हल एरियाबाहेर गेलात तर अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. सप्टेंबर २०२५ च्या बॅचची अर्जाची वेळ नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे नेमकी आपल्याकडच्या लग्नसराईत येते. बहिणीचं लग्न डिसेंबरमध्ये असेल तर निकाल लागताच अर्ज करा आणि निर्णय हातात आल्यावर तिकीट काढा. तारीख जुळतच नसेल तर विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराशी बोलून, ३१ डिसेंबरच्या आत परत येऊन अर्ज करता येईल अशा बेताने आधी लग्नाला जाऊन या. त्यासाठी परतीच्या दिवशी स्टुडंट व्हिसा चालू असायला हवा आणि विद्यापीठाने तोवर निकाल कळवलेला असायला हवा.